गोल्फचा ऑडिटर

गोल्फ न खेळणाऱ्या माणसाला गोल्फच्या सहलीला नेतात, कारण गोल्फ खेळणारं कुणी त्या माणसाबरोबर जायला तयार नसतं. हे मला डॉक्टरच्या बायकोने सांगितलं. डॉक्टरचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं. "अरे, किती वर्षांनी भेटतोय, गाडीत निवांत गप्पा मारू, खरं ग्रामीण स्कॉटलंड बघशील," वगैरे.

डॉक्टर हा माझा शाळेतला मित्र. सदाशिव पेठेत आम्ही एका बाकावर बसायचो आणि गणिताच्या पेपराला त्याची मान नेहमी माझ्या बाजूला वळलेली असायची. पुढे तो भूलतज्ज्ञ झाला आणि इनव्हर्नेसला स्थायिक झाला. मी एका बँकेत चिकटलो आणि इन्स्पेक्शन विभागातून निवृत्त झालो. म्हणजे त्याने आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि मी लोकांची झोप उडवली.

आता मी स्कॉटलंडमध्ये काय करत होतो? तर जे माझ्या वयाचे सगळे मराठी बाप परदेशात करतात ते. लेकीचं बाळंतपण. म्हणजे बाळंतपण बायको करत होती, मी एडिंबराच्या त्या दोन खोल्यांत इकडून तिकडे सरकत होतो. डिंकाचे लाडू वळून झाले, बाळाला टोपरी शिवून झाली, तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही जा बघू डॉक्टरांकडे. इथे नुसते मधे मधे येता." इनव्हर्नेसला पोचलो, तर तिथे वहिनी दशम्या बांधून तयार. "भावजी, बरं झालं आलात. न्या याला. आणि जरा लक्ष ठेवा." दोन्हीकडच्या गृहिणींनी आम्हाला असं एकमेकांच्या गळ्यात बांधलं.

गाडीच्या डिकीत गोल्फची बॅग आडवी झोपली होती. नियमाने खेळाडूला 14 काठ्या नेता येतात, त्याहून एकही जास्त चालत नाही. डॉक्टरकडे बरोबर 14 होत्या. मी मोजल्या, सवय. त्यातली एक नवीकोरी होती आणि तिच्या डोक्यावर लोकरीचं टोपरं होतं. मी तिच्याकडे बघतोय हे बघून डॉक्टरने डिकी धाडकन बंद केली. "हिच्याबद्दल घरी बोलायचं नाही. तिला मी सांगितलंय की काठी जुनीच आहे, टोपरं नवीन आहे." किंमत विचारली तर म्हणाला, "पौंडात विचारू नकोस आणि रुपयांत तर मुळीच नको." माझी सूटकेस डिकीत मावली नाही. ती पुढे पायाशी घेऊन आणि दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन मी निघालो.

इनव्हर्नेसहून ए-9 हा रस्ता उत्तरेला जातो. पूल ओलांडायचे, खाडीचं पाणी बघायचं, उतारावरच्या मेंढ्या बघायच्या, की पुन्हा पूल. डावीकडून गाडी चालवतात, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटत होतं. फक्त कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. डॉक्टर गोल्फच्या इतिहासावर बोलू लागला. भूल द्यायला त्याला औषध लागत असेल असं मला वाटत नाही. पण एका वाक्याला माझे डोळे खाडकन उघडले.

झालं असं की 1457 साली स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याने गोल्फवर बंदी घातली. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू टोलवत बसतात आणि उद्या इंग्रज चालून आले तर काय करायचं, असा हिशेब. पुढच्या दोन राजांनीही बंदी पुन्हा बजावली. मग 1502 साली त्याचा नातू चौथा जेम्स याने, म्हणजे ज्याच्या स्वतःच्या नावाने एक बंदी होती त्यानेच, पर्थ गावातून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. कुणाकडून? तर धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडून! आणि हे कळलं कसं? राजाच्या खजिनदाराच्या हिशेबात खर्ची पडलंय : 14 शिलिंग.

"एंट्री आहे?" मी विचारलं.

"आहे."

मला या खेळाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. राजाने स्वतःच घातलेला नियम मोडला, पण व्हाउचर ठेवलं. आमच्याकडे मोठमोठ्या माणसांना हे जमत नाही.

डॉरनॉखला डॉक्टरने गाडी थांबवली आणि रॉयल डॉरनॉखच्या मैदानाला उतरून, टोपी काढून नमस्कार केला. या गावात गोल्फ खेळत असल्याची नोंद 1616 सालापासून आहे. जुन्या काळचा नावाजलेला गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस याने मैदानाची आखणी केली, आणि अमेरिकेतली नावाजलेली मैदानं आखणारा डोनाल्ड रॉस याच गावचा. तिथे खेळण्याची डॉक्टरची छाती नाही. गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणून एक आकडा असतो, जितका मोठा तितका खेळाडू कच्चा. त्याची कमाल मर्यादा 54 आहे. डॉक्टर मर्यादा पाळतो.

मैदानापासून जवळच एका बागेत एक दगड आहे. ब्रिटनमध्ये चेटकीण म्हणून जिला शेवटचं जाळलं, त्या जॅनेट हॉर्नचा. दगडावर साल कोरलंय 1722. डॉक्टर म्हणाला, बहुतेक इतिहासकार 1727 धरतात. पाच वर्षांची तफावत, तीही दगडावर, आणि कुणी शेरा मारलेला नाही! एका म्हातारीला डांबर फासून जाळणाऱ्यांनी निदान तारीख तरी धड लिहायची. मी तिथे जरा वेळ उभा राहिलो. डॉक्टरला मात्र पुढच्या गावी, ब्रोराच्या मैदानावर, पोचायची घाई झाली होती.

खरी माझी परीक्षा ब्रोराला सुरू झाली. बॅग माझ्या खांद्यावर देऊन डॉक्टरने माझ्या हातात एक कार्ड आणि अर्धी पेन्सिल ठेवली. "आजपासून तू माझा मार्कर."

या खेळात क्रिकेटसारखा पंच नसतो. मोठ्या स्पर्धेत अधिकारी असतात, पण एरवी शेकडो एकरांवर जो तो आपला चेंडू शोधत हिंडत असतो, कोण कुणावर नजर ठेवणार? म्हणून तुमचे फटके दुसऱ्याने लिहायचे, त्याला मार्कर म्हणतात. शेवटी दोघांनी सही करायची. जितके फटके कमी तितकं चांगलं, पण कार्डावर एखाद्या होलचा, म्हणजे एका भोकापर्यंतच्या टप्प्याचा, आकडा खऱ्यापेक्षा कमी लागला तर खेळाडू बाद. जास्त लागला तर तो जास्तीचाच कायम. 1968 च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबेर्तो दे विसेन्सोने सतराव्या होलवर 3 फटके घेतले. त्याच्या मार्करने लिहिले 4. याने न बघता सही ठोकली. एका फटक्याने अजिंक्यपदाची संधी गेली. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. मी बँकेत किती कारकुनांना घसा कोरडा करून सांगितलं असेल, की बाबांनो, सही करण्याआधी वाचा! तेव्हा हे उदाहरण माहीत असतं तर पोस्टर करून लावलं असतं.

थोडक्यात, हे काम माझ्यासाठीच निर्माण झालं होतं. मी पेन्सिलीला टोक काढलं.

ब्रोराचं मैदान समुद्राला लागून आहे आणि ती जमीन गावच्या छोट्या शेतकऱ्यांच्या गुरांना चरायला मोकळी होती. मैदानावर मेंढ्या आणि गाई हक्काने हिंडत होत्या. गुरांनी ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या त्या गुळगुळीत गवतावर, पाय देऊ नये म्हणून प्रत्येक ग्रीनला विजेच्या तारेचं बुटकं कुंपण होतं. खेळाडूने तार ओलांडून आत जायचं. डॉक्टर उंच आहे. मी नाही. पहिल्याच ग्रीनवर, खांद्यावर चौदा काठ्या आणि एक पाय तारेच्या पलीकडे अशा अवस्थेत मी थबकलो, तेव्हा डॉक्टर तोंडावर बोट ठेवून "श्श" म्हणाला, कारण तो पट करत होता, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे ढकलत होता. स्कॉटलंडचा वारा, खाली जिवंत तार आणि ओरडायची मुभा नाही. बाजूला एक गाय रवंथ करत माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत अनुभवाचं शहाणपण होतं.

शेणात पडलेला चेंडू तिथे उचलून, पुसून, बाजूला टाकता येतो, त्याला दंड नाही. पुसायचं काम कुणाचं, याबद्दल नियमपुस्तक गप्प आहे. डॉक्टर गप्प नव्हता.

पण ज्या गोष्टीने मला खरा घाम फोडला ती वेगळीच. मी हयातभर आकडे दडवणारी माणसं पकडली. कोण थकबाकी लपवतंय, कोण तारण फुगवतंय, हे मला कागदाच्या वासावरून कळायचं. त्यामुळे डॉक्टर फटके कमी सांगणार हे मी गृहीतच धरलं होतं. गणिताच्या पेपराचा अनुभव गाठीशी होताच. गवतात उभं राहून तो चेंडूवर काठी टेकवत होता, मी वीस पावलांवरून डोळे बारीक करून बघत होतो. तो एकदम सरळ झाला.

"एक वाढव."

"का?"

"चेंडू हलला. काठीचा धक्का लागला."

"मी बघतोय ना! नाही हलला."

"किंचित हलला. गवत दबलं त्यात. एक फटका दंड."

पुढे बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, त्याने नुसती काठी मागे नेली आणि म्हणाला, "वाळूला लागली. दोन लिही." मला तर वाळूचा कणही हललेला दिसला नव्हता. त्यापुढे एका चेंडूवर पुटपुटला, "हा माझाच आहे का, खात्री नाही." पार्टी स्वतः काउंटरवर येऊन सांगते आहे की साहेब, माझ्या नावावर आणखी टाका! अशा पार्टीचं काय करायचं हे आम्हाला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. मी कार्डाच्या कोपऱ्यात एक सस्पेन्स खातं, म्हणजे निकाल न लागलेल्या नोंदींचं तात्पुरतं खातं, उघडलं आणि वादग्रस्त फटके तिकडे वळवायला लागलो. ते खातं मूळ खात्यापेक्षा मोठं झालं.

"कुणी बघत नाहीये रे," मी शेवटी काकुळतीला येऊन म्हणालो. रात्रीचे साडेनऊ झाले होते. जूनमध्ये तिथे दहा वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे अंधार पडला म्हणून खेळ थांबवायचीही सोय नाही. वारा पडला तशी चिलटं उठली होती आणि ती कानात, नाकात, कॉलरच्या आत शिरत होती. वहिनींच्या दशम्या कधीच संपल्या होत्या.

"कुणी बघत नाहीये म्हणूनच," डॉक्टर म्हणाला आणि त्याने मला बॉबी जोन्स या अमेरिकन गोल्फपटूची गोष्ट ऐकवली. 1925 च्या गोल्फच्या यूएस ओपनमध्ये जोन्सचा चेंडू त्याच्या पवित्र्यात असाच किंचित हलला. अधिकाऱ्यांनी, प्रेक्षकांनी, कुणीच पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःहून एक फटका वाढवून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा खेळात, तो हरला, तेही विली मॅकफार्लेन नावाच्या, मूळच्या इथल्याच, ॲबर्डीनच्या माणसाकडून. लोक कौतुक करायला लागले तेव्हा जोन्स म्हणे असं म्हणाला, की मी बँक लुटली नाही याबद्दलही माझं कौतुक कराल!

हे वाक्य माझ्यावर टाकून डॉक्टरने चेंडू काटेरी गॉर्सच्या झुडपात मारला. तीन मिनिटं शोधायची मुदत असते. 2019 पर्यंत ती पाच मिनिटं होती. ती दोन मिनिटं ज्याने कमी केली त्याचं भलं होवो. गॉर्सची पिवळी फुलं फार सुंदर दिसतात असं प्रवासवर्णनांत लिहितात. ते लिहिणारे त्यात हात घालत नसावेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही आतल्या रस्त्याला लागलो. लेअर्गवरून ए-838 वायव्येला डर्नेसकडे जातो. नावाला ए, पण बहुतेक ठिकाणी एका गाडीपुरताच रुंद. ठरावीक अंतरावर रस्त्याला पोट सुटल्यासारखा रुंद तुकडा येतो, शेजारी 'पासिंग प्लेस'ची पाटी. समोरून गाडी दिसली की जो जवळ असेल त्याने तिथे दबून राहायचं, दुसऱ्याने जाताना हात वर करून आभार मानायचे, आणि थांबलेल्यानेही उलट हात वर करायचा. मागून कुणी घाईत आला तर त्यालाही वाट द्यायची. तिथे गाडी उभी करून फोटो काढणं म्हणजे महापाप.

माझ्यासारख्या पुणेकराला हे सौजन्य झेपत नाही. एकदोन गाड्यांना मी मोठ्या मनाने हात केला. पुढे दंडात गोळे यायला लागले. मी हात खाली ठेवला तर डॉक्टर चिडला. "तू पण कर. असं बरं दिसत नाही." लकडी पुलावर वाढलेला माणूस एका मेंढीलासुद्धा वाट देऊन वर हात हलवत होता! मेंढीने दखल घेतली नाही.

एका वळणावर समोरून चक्क बँक आली. तिकडे लांबच्या खेड्यांसाठी बँकेच्या फिरत्या गाड्या असतात, आत काउंटर, बाहेर पायऱ्या. ती पासिंग प्लेसमध्ये शिरून आमच्यासाठी थांबली. हात सगळ्यांत उंच मी तेव्हा केला. मला उतरून त्यांची कॅश टॅली होते का विचारायचं होतं, पण डॉक्टरने थांबायला नकार दिला.

त्यापुढे रस्त्याकडेला एका घराच्या फाटकापाशी लाकडी खोका होता. आत अंड्यांचे पुठ्ठे, एका पुठ्ठ्यावर पेनने लिहिलेला भाव आणि झाकणाला फट पाडलेला बिस्किटांचा डबा. माणूस नाही, कुत्रं नाही, कॅमेरा नाही. मी डबा हलवून पाहिला. आत नाणी वाजली. याची पावती कोण देतं? दिवसाचा हिशेब कोण लावतं? अंडी फुटली तर कुणाच्या नावावर टाकायची? डॉक्टरने अंडी घेतली, नेमके सुटे पैसे नव्हते म्हणून मोठी नोट टाकली आणि बाकी पैसे सोडून दिले. मी गाडीत बसेपर्यंत मागे वळून त्या डब्याकडे बघत होतो. रात्री उशीला डोकं टेकल्यावरही मला तो डबाच दिसत होता. कुलूप नव्हतं हो!

डर्नेसचं मैदान नऊ होलचं, मुख्य भूमीच्या अगदी वायव्य टोकाला, 1988 साली सुरू झालेलं. शेवटचा फटका समुद्राच्या एका घळीवरून पलीकडे मारायचा. मधे अटलांटिक. डॉक्टरने नवी काठी बाहेर काढली. तिचं टोपरं माझ्या हातात दिलं. या अंतराला ती काठी लागत नाही हे मलासुद्धा एव्हाना समजलं होतं, पण घरी नेण्याआधी तिला एकदा वारा लागावा अशी त्याची इच्छा असावी. पहिला चेंडू अटलांटिकमध्ये गेला. दुसराही गेला. तिसऱ्याच्या वेळी माझा फोन वाजला. अख्ख्या वाटेत रेंज नव्हती, ती नेमकी इथे आली.

"भावजी, कसे आहात? थंडी वाजत नाही ना?"

"मजेत, वहिनी."

"एक विचारू? खरं सांगाल म्हणून तुम्हाला विचारतेय. ती टोपरंवाली काठी कितीला आणली याने?"

समोर डॉक्टर घळीच्या कडेला, वाऱ्यात, पवित्रा घेऊन उभा. गवतातला हललेला चेंडू कबूल करणारा, अंड्यांच्या डब्यात जास्तीचे पैसे सोडणारा. माझ्या एका हातात त्याचं कार्ड, दुसऱ्या हातात टोपरं, फोन खांद्यावर.

"वहिनी," मी म्हणालो, "मी एंट्री बघितलेली आहे. 14 शिलिंग."

पलीकडे क्षणभर शांतता. मग वहिनी म्हणाल्या, "बरं. मग क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर 449 पौंड कसले आलेत, तेही जरा त्या एंट्रीत शोधून ठेवा. आणि त्याला सांगा, पावती गॅरेजमध्ये गीझरच्या मागे लपवायची नसते. तिथे माझे लोणच्याचे डबे असतात."

फोन ठेवला. तिसरा चेंडू घळीवरून कसाबसा पलीकडे गेला होता आणि डॉक्टर आनंदाने दोन्ही हात वर करून ओरडत होता, "अरे, लिहिलंस का? दंड धरून माझे किती झाले?"